कड्यावरचा दर्यावर्दी

वय बत्तीस ते बेचाळीस. गाव पुणे, म्हणजे मूळचा सांगलीकडचा नाहीतर अमळनेरचा, पण आता बाणेर. नोकरी अशी की लॅपटॉप उघडला की ऑफिस. पायात काही नाही, गळ्यात शिंपल्यांची माळ आणि नाकावर जस्ताचा पांढरा लेप. हा लेप तासन्‌तास पाण्यात राहणाऱ्यांचं नाक उन्हापासून वाचवतो. हा पाण्यात उतरत नाही, पण लेप मात्र रोजच्या रोज लागतो. केरळात वर्कलाच्या उत्तर कड्यावर सकाळी साडेसहाला गेलात तर हा भेटणारच. हाताची घडी, डोळे किलकिले, नजर पार क्षितिजावर. तुम्ही शेजारी जाऊन उभे राहिलात की मान न वळवता म्हणतो, "विंड फिरला."

तुम्ही काहीही विचारलेलं नसतं.

ही जमात सपाट किनाऱ्यावर वाढत नाही. गोव्यात आश्वे-मोरजीला सर्फिंग चालतं, पण तिथे माणूस आणि समुद्र एकाच पातळीवर. तिथे उगाच उभं राहिलात तर कुणीतरी येऊन हातात फळी देतो आणि मग जावं लागतं. वर्कलाला मध्ये कडा आहे. वर लाल जांभा, खाली वाळूखडक आणि चिकणमातीचे थर, मधूनच पाझरणारे झरे. भूशास्त्राच्या पुस्तकांत या थरांना याच गावाचं नाव दिलेलं आहे आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने कड्याला स्मारकाचा मान दिलाय. कड्याच्या अगदी कडेने पायवाट, पायवाटेला लागून एकाला एक चिकटलेले कॅफे आणि मधूनमधून वाळूत उतरणाऱ्या खड्या पायऱ्या. आमच्या या दर्यावर्द्याला लागतं ते सगळं इथे हाताशी आहे: उंची, कॉफी, वायफाय आणि पायऱ्यांचं निमित्त.

शिवाय वरून दिसतं फार छान. पाण्याखाली वाळूचा बांध कुठे आहे ते रंगावरून कळतं. पांढऱ्या फेसाच्या मधूनच एक काळपट, शांत पट्टा आत जाताना दिसतो. नवखा त्याला पोहायची सोयीची जागा समजतो. तो असतो रिप करंट, किनाऱ्यावर चढलेलं पाणी परत आत नेणारा. हा ते बोट दाखवून सांगतो आणि बरोबर सांगतो. पंचाईत हीच आहे. नुसत्या थापा मारणारा असता तर त्याला कधीच सोडून दिला असता.

माझ्या पाहण्यातला सगळ्यात अस्सल नमुना माझ्या मामेभावाच्या रूपाने घरातच निघाला. कंपनीने कुठूनही काम करायची मुभा दिली आणि हा मार्चच्या शेवटी वर्कलाला जाऊन राहिला. पाठोपाठ मीही काही दिवस गेलो.

पहिल्याच सकाळी मी विचारलं, "चल, कधी उतरायचं?"

"बसली नाहीये रे अजून."

"कोण?"

"वाळू."

मग शिकवणी सुरू झाली. लाट फुटते ती खालची खोली तिच्या उंचीच्या सव्वापटीच्या आसपास आली की. खाली खडक असेल तर ती वर्षानुवर्षं त्याच ठिकाणी फुटते. इथे खाली वाळू, आणि वाळूवरची लाट म्हणजे भाडेकरू. अकरा महिन्यांचा करारसुद्धा पाळेल याची खात्री नाही. पावसाळा किनाऱ्यावरची वाळू ओढून आत नेतो, पुढचे महिने ती हळूहळू परत आणतात आणि तेवढ्या काळात बांध आज इथे, उद्या तिथे. हे सगळं खरं आहे. पण याचा आणखी एक उपयोग आहे: खडकावरच्या सर्फरने एकदा सबब सांगितली की संपली, वाळूवरच्याला रोज नवी मिळते.

त्याचा दिवस असा जाई. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वारा वाहतो, पाणी घासूनपुसून ठेवल्यासारखं गुळगुळीत असतं, सगळे शहाणे तेव्हाच उतरतात. म्हणून हा म्हणे, "गर्दी बघ." नऊच्या पुढे जमीन तापते, वारा उलटा फिरतो, लाटांचा चोथा होतो. "आता काय मजा?" दुपारी मीटिंग. संध्याकाळी भरती-ओहोटी. आता केरळात भरती-ओहोटीतला फरक जेमतेम मीटरभर. मुंबईसारखा समुद्र मैलभर आत जात नाही की अंगावर धावून येत नाही. हे मी बोलून दाखवलं, तेव्हा त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "बीच ब्रेकला, म्हणजे वाळूवरच्या लाटेला, वीतभर फरकसुद्धा खूप असतो." हेही, दुर्दैवाने, खरं निघालं.

एका सकाळी आम्ही असेच हाताची घडी घालून उभे असताना पाठीमागून आवाज आला.

"काय बघतोस रे बाळा? काही पडलंय का पाण्यात?"

फलटणकडचं जोडपं होतं. रामेश्वर-कन्याकुमारीच्या यात्रेतून वाट वाकडी करून आलेलं. जनार्दनस्वामींचं देऊळ आणि खाली पापनाशमच्या वाळूत पितरांचं तर्पण, त्यासाठी. काकूंच्या लुगड्याचा काठ ओला होता, काकांचं धोतर गुडघ्यापर्यंत. आम्ही दोघे कोरडे ठणठणीत.

"नाही काकू, लाटा बघतोय."

"अगंबाई, मराठी का तू! अहो, ऐकलंत का, हा आपल्यातलाच आहे."

काकांनी रीतसर चौकशी केली. पुण्यात कुठे, मूळचे कुठले, कुरुंदवाड म्हटल्यावर कुरुंदवाडात कुठे. "म्हणजे घाटावरचे तुम्ही. कृष्णेच्या पुरात उड्या मारणारे."

हा खुलला. श्रोता मिळाला की ही जमात खुलतेच. "काकू, या लाटा इथल्या नाहीतच मुळी. पाच-सहा दिवसांपूर्वी पार खाली, अंटार्क्टिकाच्या बाजूला मोठं वादळ झालं. तिथल्या वाऱ्याने पाणी घुसळलं, त्याची ही लाट. पाच-सहा हजार किलोमीटर येता येता ती कशी लांब आणि शिस्तीची होते. दोन लाटांमधलं अंतर मोजा, पंधरा-सोळा सेकंद."

काकूंनी खरंच मोजलं. ओठ हलवत, दोनदा. मग म्हणाल्या, "बिचाऱ्या एवढ्या लांबून आल्या, आणि तुला या चार पायऱ्या उतरवेनात?"

काका आडून खाकरले. विषय बदलावा म्हणून त्यांनी विचारलं, "पण मग हे आपल्याकडे गणपतीपुळ्याला, अलिबागला का नाही चालत?"

प्रश्न उत्तम होता आणि उत्तरही आमच्याकडे होतं. मुंबईसमोर समुद्राखालची जमीन जवळजवळ तीनशे किलोमीटर उथळ पसरलेली आहे, केरळसमोर तो पट्टा बराच अरुंद. दक्षिणेकडून आलेली लाट उथळ तळावर घासत घासत वर जाते, त्यात तिची बरीचशी ताकद जिरते. पावसाळ्यात आपल्याकडे लाटा उठतात त्या जवळच्या वाऱ्याने, त्यांना ताकद असते पण वळण नसतं.

"म्हणजे मुंबईला पोचेपर्यंत पाण्यालासुद्धा दम लागतो," काका म्हणाले.

काकूंचं समाधान झालेलं नव्हतं. "एवढं सगळं आधीच कळतं होय रे?"

झालं. वॉल्टर मंक निघाले. कॅलिफोर्नियात ला होया इथे, तेही समुद्राकाठच्या कड्यांच्याच गावात, स्क्रिप्स संस्थेत या माणसाने हॅराल्ड स्वेरड्रुप यांच्याबरोबर लाटांचा अंदाज बांधायचं शास्त्र उभं केलं. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांचं सैन्य किनाऱ्यावर उतरवायचं, तर त्या दिवशी लाट किती असेल हे आधी कळायला हवं; नॉर्मंडीच्या वेळी त्यांची पद्धत वापरली गेली. पुढे 1963 साली मंक यांनी दक्षिणेच्या बर्फाळ टोकाकडून निघालेल्या लाटांचा माग बेटाबेटांवर उपकरणं लावून थेट अलास्कापर्यंत काढला. आज फोनवर पुढच्या दहा दिवसांच्या लाटा दिसतात, त्याची मुळं तिथे आहेत. मामेभाऊ हे सांगताना थरारून जातो. त्या अंदाजाच्या भरवशावर सव्वा लाखाहून जास्त माणसं गोळीबारात नॉर्मंडीच्या वाळूवर उतरली. हा उतरला नाही.

अगदी कधीच नाही असं मात्र म्हणता येणार नाही. आल्या आल्या त्याने एक तास शिकवणी घेतली होती. शिकवणारा पोरगा एकोणीस-वीस वर्षांचा, एडव्याकडचा, रंगाने शिसवी, शब्दांचा कंजूष. कमरेइतक्या पाण्यात, लाट फुटून गेल्यावर जो पांढरा फेस किनाऱ्याकडे धावतो, त्यात तो मागून फळी ढकलून देई आणि ओरडे, "चेट्टा, अप!" चेट्टा, म्हणजे आमचा दादा, एकदा उठला, दोन सेकंद उभा राहिला आणि तेवढ्यात वाळूतल्या फोटोवाल्याने बटण दाबलं. तो फोटो तुम्ही पाहिला असेल, कारण त्याच्या सगळ्या खात्यांवर तोच आहे. फोटो सुरेख आहे. गुडघे वाकलेले, हात पसरलेले, नजर पुढे. फक्त नीट पाहिलंत तर डाव्या खालच्या कोपऱ्यात, फळीच्या शेपटापाशी चार सावळी बोटं दिसतात. कापून काढता आली असती, पण मग फळीचं शेपूटही गेलं असतं.

मग एप्रिलमध्ये मोठी लाट खरोखरच आली. हैदराबादच्या 'इन्कॉइस'ने, म्हणजे समुद्राच्या हालचालींवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, केरळच्या किनाऱ्याला इशारा दिला: कल्लक्कडल. केरळातल्या कोळ्यांचा शब्द, चोर समुद्र. इथे वारा नाही, आभाळ निरभ्र, आणि दूर दक्षिणेतल्या वादळाच्या लाटा गुपचूप येऊन किनारा गिळतात, होड्या ओढून नेतात, घरांत पाणी घालतात. 2012 मध्ये युनेस्कोनेही हा शब्द अधिकृतपणे मान्य केला. मामेभाऊ रात्रभर जागा. अठरा सेकंद, अठरा सेकंद, एवढंच पुटपुटत होता. पहाटे फळीला मेण चोळलं, लीश, म्हणजे फळीची दोरी, घोट्याला बांधून पाहिली, नाकाला लेप. मला वाटलं, गेला आता.

आम्ही कड्यावर पोचलो तर खाली वाळू नव्हतीच. पाणी थेट कड्याच्या पायथ्याला आपटत होतं आणि परतणारं पाणी येणाऱ्या लाटेला भिडून दोन्ही उभी राहत होती. पायऱ्यांच्या तोंडाशी दोरी, लाल निशाण आणि शिट्टी फुंकणारा जीवरक्षक. किनारा बंद.

त्याक्षणी मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. तोंडाने तो "शी! काय वैताग आहे!" म्हणाला, पण बारावीचा पेपर पुढे ढकलल्याचं कळलेल्या मुलाचे डोळे असतात तसे त्याचे डोळे होते. त्या दिवशी तो दुपारपर्यंत कड्यावर उभा राहिला आणि येईल त्याला सांगत राहिला, कुठली लाट कुठे वळली असती, तो स्वतः कुठून आत गेला असता, कुठे थांबला असता. दोन रशियन आणि एक चहावाला तन्मयतेने ऐकत होते. मीसुद्धा. इतकं सुंदर सर्फिंग मी अजून कुणाकडून ऐकलेलं नाही.

फळी त्याची स्वतःची होती, हे सांगायचं राहिलं. परतीच्या घाईतल्या एका परदेशी पोराकडून घेतलेली, सहा फूट दोन इंची, बारीक टोकाची. शिकाऊ माणसाला आठ फुटांची, जाड, मऊ फळी लागते. ही त्याच्या वजनाला पाण्यावर धरेल की नाही याचीच शंका. पण दिसायला देखणी. नेत्रावती एक्सप्रेसने पनवेलला येताना पार्सलच्या खिडकीवर ती 'फर्निचर' म्हणून नोंदली गेली. बाणेरला लिफ्टमध्ये ती आडवी मावेना, उभी मावेना, तेव्हा नऊ मजले जिन्याने चढली. ज्याला वर्कलाच्या पायऱ्या जड जात होत्या, तोच घेऊन चढला.

मे महिना. मामीचं वाळवण सुरू होतं. मी गेलो तेव्हा गच्चीत दोन खुर्च्यांवर ती फळी आडवी आणि तिच्यावर कुरडया, शिस्तीत, टोकापासून शेपटापर्यंत.

"बरी आणलीन हो फळी," मामी म्हणाली. "नुसतं मेण चोपडून ठेवलं होतं वर. गरम पाणी ओतलं आणि उलथन्याने खरवडून काढलं सगळं. आता बघ कशी लख्ख झालीय."

ते मेण पाय घसरू नयेत म्हणून मुद्दाम लावतात. पाण्याच्या तापमानाप्रमाणे त्याच्या जातीही असतात. मी मामेभावाकडे पाहिलं. तो काही बोलला नाही. फोन काढला, आभाळाकडे बघितलं, डोळे किलकिले केले.

"आई, आज तीननंतर पश्चिमेचा वारा जोरात आहे. कुरडया आत घे."

मामीने त्याचं कधीच काही ऐकलेलं नाही. त्या दिवशी मी होतो म्हणून ऐकलं असावं. सव्वातीनला असा वारा सुटला की शेजारच्या इमारतीतले पापड आमच्या पार्किंगमध्ये आले.

तेव्हापासून सोसायटीतल्या बायका वाळवण घालण्याआधी त्याला फोन करतात. मीटिंगमध्ये असला तरी उचलतो. परवा मी समोरच होतो. पलीकडून कुणी जोशीकाकू बोलत असाव्यात. त्याने पडद्यावरचे बाण मन लावून पाहिले, थोडा वेळ घेतला आणि सांगितलं, "साबुदाण्याच्या पापड्या चालतील काकू. कुरडया गुरुवारपर्यंत थांबवा."