विल्सनचं नाक

मी गेल्यावर माझ्या नावाचा एखादा चौक व्हावा, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. चौक जमत नसेल तर बोळ. तेही नसेल तर तालमीसमोरच्या सिमेंटच्या बाकड्यावर 'यांचेकडून सप्रेम'. घरी हे बोलून दाखवलं, तर बायको म्हणाली, "आधी लाइट बिलावर नाव चढवा. अजून मामंजींच्याच नावानं येतंय."

म्हणून मला विल्सनचा हेवा वाटतो. आडनाव काय, तर विलचा पोरगा. आपल्याकडं 'बाळूचा पोरगा' पानपट्टीपर्यंतच चालतो, तिकडं तो साहेब होतो. सर लेस्ली विल्सन 1923 ते 1928 मुंबईचे गव्हर्नर होते. तेवढ्यात गडी कुठं कुठं चिकटला बघा. महाबळेश्वरात 1439 मीटरवर विल्सन पॉइंट. भंडारदऱ्याला प्रवरेवरचं धरण विल्सनचं, आतला जलाशय मात्र आर्थरचा. भावकीतसुद्धा इतकी बिनतक्रार वाटणी होत नाही. मुंबईचं विल्सन कॉलेज मात्र याचं नव्हे, ते जॉन विल्सन या मिशनऱ्याचं. गिरगाव चौपाटीवर मी हा फरक पाहुण्यांना समजावून सांगतो, तोवर पाहुण्यांची भेळ संपते.

तरी विल्सनपेक्षा नशीबवान आयर्विन. सांगलीच्या कृष्णेवर 1929 साली पूल झाला, त्याला व्हाइसरॉयचं नाव दिलं. गंमत म्हणजे आयर्विन हे त्याचं आडनावच नव्हतं. तो एडवर्ड वुड. आयर्विन ही 1925 साली मिळालेली सरदारकी, आणि पुढं तर तो हॅलिफॅक्स झाला. म्हणजे सांगलीकर ज्याचं नाव घेतात, त्या नावानं तो जेमतेम काही वर्षं वावरला. 1931 साली गांधीजींशी करार केला तोही याच नावानं. उंचीला सहा फूट पाच इंच. पण पावसाळ्यात सांगलीत त्याची उंची वेगळीच मोजतात, पुलापाशी पाणी किती फूट चढलं त्यावरून. "आयर्विनला किती?" "चाळीस." पंचेचाळीसला धोका, आणि 2019 च्या महापुरात तो सत्तावन्नच्या वर गेला. आम्ही कोल्हापूरकर अशा वेळी राजाराम बंधाऱ्याचा आकडा सांगतो. आमची धोक्याची पातळी त्रेचाळीस फूट. बुडण्यातसुद्धा सांगलीच्या दोन फूट आधी घाबरायचं, हे मनाला लागतं. पण आमच्या बंधाऱ्याला नाव छत्रपतींचं आहे, म्हणून मी मान ताठ ठेवतो.

विल्सनचा कोल्हापुरात एका चौकात पुतळाही होता. बेचाळीसच्या चळवळीत भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे या दोघींनी तो विद्रूप केला. पुढं 1943 मध्ये तरुणांनी त्याची तोडफोड केली. 'विल्सन नोज कट' म्हणून ते प्रकरण गाजलं. 1945 पासून त्या चौकात शिवाजी महाराजांचा पुतळा आहे. भर संस्थानात, भर चौकात, लाटसाहेबाच्या तोंडाला हात घालायचा म्हणजे घरदार, तुरुंग, लोक काय म्हणतील, सगळ्याची तयारी ठेवूनच बाहेर पडलेल्या त्या बायका. चौकाला आपलं नाव लागावं म्हणून निघालेल्या नव्हत्या. माझं बाकडं मला इथं जरा टोचतं.

आणि पत्ता सांगताना माझ्या तोंडी कोण येतं? विल्सनच. कारण लक्ष्मीपुरीत जयंती नाल्यावर विल्सन पूल अजून आहे. पुतळ्याचं नाक गेलं, पुलाचं नाव राहिलं. परवा रिक्षात बसल्या बसल्या मला या गोष्टीचा मनापासून संताप आला आणि सगळा इतिहास मी रिक्षावाल्याला ऐकवला. दोघींची नावं, साल, नाक, सगळं. त्यानं आरशातून माझ्याकडं आदरानं बघितलं.

"लय भारी काका. पण उतरायचं कुठं?"

"विल्सन पुलाला," मी म्हटलं.