कठडेकर

कठडेकर हे आडनाव आम्ही मराठी मंडळींनी ठेवलेलं. मूळ गृहस्थ शुद्ध श्वाबियन, सत्तरी ओलांडलेले, डोक्याला चपटी टोपी, आणि गावच्या फुटबॉल मैदानाच्या लोखंडी कठड्यावर दोन्ही कोपरं टेकून उभे. श्टुटगार्टच्या आसपास गावागणिक असं मैदान असतं आणि मैदानागणिक असा एक कठडेकर. एखाद्या रविवारी गोलरक्षक आला नाही तर भागवून नेतात. कठडेकर आले नाहीत तर लोक घरी फोन करून चौकशी करतात.

जर्मनीत रविवारी दुकानं बंद. घरी बोलून झालं, कपडे वाळत घालून झाले, की ऑनसाइटवर आलेल्या माणसाचे पाय तीनच्या सुमारास आपोआप मैदानाकडे वळतात, कारण गावात तेवढीच एक जागा जागी असते. तिथे क्राइसलिगा ‘ब’चा सामना. बुंडेसलिगा पहिली पायरी धरली तर ही दहावी. खेळाडूंत रंगारी, इलेक्ट्रिशियन, एखादा मास्तर. गोलरक्षकाची जर्सी पोटावर ताणून बसलेली.

कठडेकर म्हणजे शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरचे काकाच, फक्त हातात भेळेऐवजी पावात घातलेलं लाल सॉसेज. त्यावर मोहरीची चटणी घालतात ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एका रेघेत. ही रेघ मैदानावरच्या फक्कीपेक्षा सरळ असते, हेही तेच दाखवून देतात.

या पातळीवर लाइन्समन नसतात. पंच एकटे, तेही बिचारे मधल्या वर्तुळात धापा टाकणारे. त्यामुळे ऑफसाइडचं खातं कठडेकरांनी परस्पर स्वतःकडे घेतलं आहे. चेंडू पुढे जायच्या आत त्यांचा हात वर. पंच बघत नाहीत, हात खाली येत नाही. गोल झाला, मिठ्या मारून झाल्या, चेंडू पुन्हा मध्यावर आला, तरी हात वरच. दुसऱ्या हातात सॉसेज, त्यामुळे टाळ्यांचा प्रश्न येत नाही. तो तसाही कधी येत नाही. एकदा आमच्या एका पोरानं लांबून चेंडू थेट जाळ्याच्या वरच्या कोपऱ्यात घातला, तेव्हा सगळा कठडा उसळला आणि हे म्हणाले, "बूट नवे दिसतात."

मी भारतातला कळल्यावर त्यांनी विषय क्रिकेटवर नेला. पाच दिवस चालून बरोबरीत सुटतो तो खेळ नव्हे, ती रजा, असं त्यांचं मत. मग मीही हॉकी काढली. १९३६, बर्लिन ऑलिंपिक, अंतिम सामना, ध्यानचंदांचा भारत ८, जर्मनी १. कठडेकर गप्प. मनातल्या मनात मी पदक गळ्यात घालून घेतलं. त्यांनी घास सावकाश गिळला आणि म्हणाले, "डावी बाजू उघडी पडली असणार. आत्ता इथे तेच चाललंय, बघा."

नावं ठेवायचा हक्क मात्र फक्त घरच्यांचा. पाहुण्या संघाबरोबर त्यांच्या गावचे कठडेकरही येतात, तशीच टोपी, तशीच कोपरं. त्यांनी आमच्या सहा नंबरकडे बघून "हा पळतोय की फिरायला आलाय?" म्हणायचा अवकाश, आमचे सरळ त्यांच्या अंगावर: "रात्रपाळी करून थेट आलाय तो! बेकरीत! तुम्ही लोळत होतात तेव्हा तो पाव भाजत होता!" समोरचे वरमले. दोनच मिनिटांत सहा नंबर आमच्या पुढून गेला आणि आमचे कठडेकर गरजले, "अरे, पळतोयस की फिरायला आलायस?"

सामना ४-० असा गेला. आमचाच. त्यानंतर क्लबघरात बिअरचे ग्लास आले तेव्हा सगळ्यांत प्रसन्न चेहरा कठडेकरांचा. चार गोल खाल्ले म्हणजे संध्याकाळची सोय झाली. बिअरच्या पुठ्ठ्याच्या चकत्या टेबलावर मांडून त्यांनी पंचांना शेजारी बसवलं आणि दुसरा गोल पुन्हा पहिल्यापासून घडवून आणला. पंच मान डोलवत राहिले. सुटकेला दुसरा मार्ग नव्हता.

निघताना ते माझ्याकडे वळले. पुढचा सामना परगावी, गाडीत एक जागा आहे. जर्मन माणूस आपणहून गाडीत बसवतो म्हटल्यावर मला अगदी भरून आलं.

"सव्वादोनला निघणार. सव्वादोन म्हणजे सव्वादोन," ते म्हणाले. "आणि पेट्रोल निम्मं-निम्मं."