विहिरीवाले काका

न्यू जर्सीत, एडिसनच्या गणपतीत कुणी नवा भेटला की काका सांगतात, "मी विहिरी खणतो." समोरचा बहुतेक आयटीतला. तो हसतो, मग काकांच्या बुटांकडे पाहून हसू आवरतो.

या विहिरी दोन इंच रुंद. कराडकडच्या गावी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा थोरल्या चुलत्यांचा अडकित्ता हवेतच थांबला.

"दोन इंच? मग पोहरा कसा सोडतोस?"

"पोहरा दीड इंचाचा असतो, अण्णा."

"पाणी गोडं लागतं?"

"पेट्रोल लागतं."

"मग नोकरी कशाला करतोस?"

जुन्या पेट्रोल पंपाखालच्या पोलादी टाक्या गंजून पाझरतात. टाकी उपसून नेली तरी पाझरलेलं मातीतच राहतं, भूजलापर्यंत पोचतं आणि हलकं म्हणून त्यावर तरंगतं. ते कुठवर गेलंय हे पाहायला काकांची विहीर. गावचा पाणाड्या तळहातावर नारळ धरून चांगलं पाणी शोधतो. काका बिघडलेलं शोधतात, आणि सापडलं की त्यांचा चेहरा खुलतो.

खणण्याआधी 811 ला फोन करावा लागतो. मग माणसं येऊन विजेचे लाल, गॅसचे पिवळे, पाण्याचे निळे पट्टे ओढून जातात. काकांचा त्या पट्ट्यांवर काडीचा विश्वास नाही. पहिले पाच फूट ते हातानंच खोदून घेतात. पुढे यंत्र लाल शेलमध्ये कुरकुरत उतरतं. चिरा पाडलेली नळी पाण्याच्या पातळीच्या थोडी वर आणि थोडी खाली राहील अशी बसवायची, कारण ती पुरती बुडाली तर तरंगणारं पेट्रोल आत येणारच नाही. भोवती वाळू, वाळूवर बेंटोनाइट. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वरची घाण खाली जाऊ देत नाही. चतुर्थीला काकूंच्या साबुदाण्यात बोट घालून काका विचारतात, "फुगलाय ना नीट? सील बसलं पाहिजे."

घरात असं बरंच चालतं. नमुना घेण्याआधी विहिरीतलं साचलेलं पाणी तीनदा उपसायची रीत आहे, म्हणून नळाचे पहिले तीन ग्लास ओतून चौथा प्यायचा. विहिरीची पातळी नळीच्या काठावरच्या उत्तरेकडच्या खुणेपासून मोजतात, तीही फुटाच्या शंभराव्या भागापर्यंत. काकूंच्या तूरडाळीच्या डब्यावर तशीच काळी खूण आहे. डबा फिरवून ठेवला की काका अस्वस्थ.

पण त्यांचा खरा स्वभाव दिसतो तो निष्कर्षाच्या वेळी. पाणी कुठल्या दिशेला वाहतंय हे कळायला तीन विहिरी तरी लागतातच. दोन विहिरींवरून बोलणारा माणूस काकांच्या लेखी ज्योतिषी. तीन झाल्या की म्हणतात, "आणखी एक मारू." मुलीसाठी स्थळ आलं तेव्हा तिन्ही मामांकडून चौकशी झाली होती. तरी काका म्हणाले, "चौथा मामा असता तर बरं झालं असतं." पूर्वी कामातला शेवटचा निर्णय ते सरकारी साहेबाच्या माथी मारत. 2009 च्या कायद्यानं न्यू जर्सीत जागा स्वच्छ झाल्याची सही परवानाधारक तज्ज्ञावर सोपवली, आणि तो तज्ज्ञ म्हणजे काकाच निघाले. आता साहेबही तेच आणि अडवणारेही तेच.

अखेर गेल्या वर्षी एका जागेवर त्यांनी सही केली. तिथे आज वाणसामानाचं दुकान आहे; त्याच्या पार्किंगमध्ये विहिरीच्या झाकणावर कुणी गाडी लावली की काका पिशव्यांसकट उभे राहून वाट पाहायचे. पेट्रोलमधलं बेंझीन लिटरमागे 1 मायक्रोग्रॅमच्या आत आलं, पुन्हा तपासलं, पुन्हा आतच. मग नियमाप्रमाणे विहिरी सिमेंट ओतून बंद केल्या. त्या संध्याकाळी गावी फोन लागला.

"अण्णा, आज चार विहिरी बुजवल्या."

"आटल्या?"

"नाही हो. पाणी चांगलं निघालं, म्हणून बुजवल्या."

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मग अण्णा हलक्या आवाजात म्हणाले, "जरा सूनबाईला फोन दे."