१८४५६ चा संयम

सुरतेच्या इच्छापोरमध्ये, हिऱ्यांच्या कारखान्यांत, कॅरेटच्या शंभराव्या भागाचाही हिशेब ठेवणारी माणसं आहेत. पण मोजूनमापून बोलण्यात एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसचा हात कुणी धरणार नाही. लॉगिन फसलं की तो १८४५६ एवढाच आकडा पुढे करतो, सोबत 'स्टेट १'. खरं कारण तो आतल्या एरर लॉगमध्ये लिहितो: स्टेट ५ म्हणजे असा वापरकर्ताच नाही, ८ म्हणजे पासवर्ड चुकीचा. कुणी म्हणेल, हा छळ आहे. मुळीच नाही. चोराला 'नाव बरोबर आहे, फक्त किल्ली चुकली' असं सांगणारा रखवालदार कोण ठेवेल? उलट, हिऱ्याच्या प्रत्येक कारखान्याच्या फाटकावर हेच तत्त्व लागू व्हावं. मालकालाही नुसतं 'नाही' म्हणावं आणि कारण आतल्या वहीत लिहावं. वही बघायला कुणाची मनाई आहे? फक्त आत येता आलं पाहिजे.

शिस्त एकतर्फी आहे, हा आक्षेपही टिकत नाही. सर्व्हरची सेवा विंडोजमधल्या एखाद्या खात्याच्या नावाने चालते. धोरणाबरहुकूम त्या खात्याचा पासवर्ड बदलला आणि सेवेला कळवायचं राहिलं, तरी त्या दिवशी सगळं सुरळीत असतं. अभिनंदनाच्या मेलही जातात. मग कधीतरी मशीन रीस्टार्ट होतं आणि पडद्यावर १०६९ येतो: लॉगऑन फेल्युअर. रखवालदारच फाटकाबाहेर. आणि कारण त्याच्या वहीत शोधू नये; त्या दिवशी वही उघडायला तो आत पोचलेलाच नसतो.