दहा मिनिटं आधी यायला पाहिजे होतं

आमच्या परभणीत चष्मा आणि स्वतःचं मत एवढं भांडवल असलं की माणूस आपोआप सर होतो. पाखरूसर आयुष्यभर बँकेत कॅशच्या खिडकीमागे बसले, खडू कधी हातात धरला नाही. निवृत्त झाल्यावर फुलपाखरं बघायला लागले, चार-दोन जणांच्या चुका काढल्या, झाले सर. तुमच्याही गावात असा एक असणारच. तुमचा किल्ल्यांचा असेल नाहीतर पक्ष्यांचा, आमचा फुलपाखरांचा आहे. लक्षण एकच: तुम्ही कधीही पोचा, बघण्यासारखं जे काही होतं ते नुकतंच गेलेलं असतं.

‘हुकलं की ओ तुमचं! दहा मिनटं आधी यायला पायजे होतं.’

भल्या पहाटे जिंतूरची एसटी धरून येलदरी गाठा, हेच ऐकायचं. एकदा तर त्यांच्याच स्कूटरवर मागे बसून गेलो होतो. स्टँड लावता लावता म्हणाले, ‘हुकलं तुमचं.’ दोघं एकदम पोचल्यावर हुकणं एकट्या माझंच कसं, हे विचारायची सोय नाही. पुढे हा रोग फुलपाखरांपुरता राहिला नाही. लग्नाला गेलं की ‘पहिल्या पंगतीची जिलबी हुकली’, स्टेशनवर भेटले की ‘देवगिरी आत्ताच गेली’. एका आजारी नातलगाला बघायला आम्ही दवाखान्यात शिरलो, तर हे जिन्यातच आडवे. ‘आत्ता डोळा लागला. दहा मिनटापूर्वी काय छान बोलत होते!’

बरं, माणसानं सोयीचा हंगाम तरी निवडावा! देशभरातले लोक सप्टेंबरात फुलपाखरांचा महिना साजरा करतात. पाऊस झालेला असतो, रानभर पालवी असते, नजर टाकावी तिथं पंख. सरांना ते पटत नाही. ‘तवा काय, आंधळ्याला बी दिसतेत!’ त्यांचा हंगाम वैशाखातला. पारा ४४ ला टेकलाय, कुत्री गटारात शिरलीत, आणि हे छत्री, दुर्बीण, रुमालात बांधलेला कांदा घेऊन निघालेत. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणतात ते अशाच कुणाकडे बघून म्हणत असावेत.

वेळापत्रक मात्र पाठ आहे. सकाळी साडेसात ते दहा. फुलपाखरू स्वतःचं अंग तापवू शकत नाही, त्यामुळे उन्हाकडे पंख पसरून बसतं. तेव्हा बघून घ्यायचं. ऊन चढलं की ते सावलीला जातं आणि तुम्हीही जायचं. काटेरी माळावर पांढऱ्या पंखांना लाल टोकं असलेलं क्रिमझन टिप बघायचं तर नजर जमिनीजवळ ठेवायची. दिवस मावळताना वाळक्या पाचोळ्यातून इव्हनिंग ब्राउन उठतं, तेही पाय पडता पडता. आणि उन्हाळ्यात कुठंही पाणी झिरपत असेल तर तिथं थांबायचं. ओल्या मातीतले क्षार शोषायला येतात ते बहुतेक नर. रसवंतीवर पुरुषमंडळी उगाच रेंगाळतात तसे तिथं तासन्‌तास बसलेले. वळीव पडून गेला की मग माद्या नव्या पालवीवर अंडी घालायला येतात. अर्थात आपण पोचेपर्यंत घालून झालेली असतात.

२०१५ साली महाराष्ट्रानं ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखरू केलं, ते दुःख त्यांना अजून आहे. असा मान देणारं हे देशातलं पहिलंच राज्य, पण मान मिळालेलं फुलपाखरू मुख्यतः पावसाच्या दाट झाडीतलं. ‘पाणी तिकडं, कारखाने तिकडं. आता पाखरू बी तिकडंच!’ मराठवाड्याच्या अनुशेषात ही बाब कोणत्याच समितीनं धरली नव्हती.

त्यांचा खरा जाच आमच्या घराला झाला. दारातल्या कढीपत्त्यावर कॉमन मॉरमॉन अंडी घालतं, म्हणून फोडणीला पानं तोडायची बंदी. कुंडीतल्या लिंबावर पाखराची विष्ठा पडलेली दिसली म्हणून बायको पुसायला गेली, तर ती हलली. लाइम बटरफ्लायची लहान अळी हुबेहूब तशीच दिसते. मोठी होऊन ती हिरवी झाली तेव्हा सरांनी काडीनं हळूच डिवचली, तर डोक्यामागून नारिंगी दुबेळकं शिंग बाहेर आलं आणि उग्र दर्प सुटला. सरांच्या चेहऱ्यावर नातवाला पहिला दात आल्याचा आनंद. शेवटी घोळीची भाजीही बंद झाली, कारण घोळ हे डॅनेड एगफ्लायच्या अळीचं अन्न.

या एगफ्लायचा नाद त्यांना फार. कायद्यानं संरक्षित फुलपाखरू. मादी मोठी बनेल. रुईवर वाढणारं प्लेन टायगर पक्ष्यांना कडू लागतं, म्हणून ही अगदी त्याचाच वेश घेऊन हिंडते. टायगरच्या मागच्या पंखावर तीन-चार काळे ठिपके असतात, हिच्या एकच.

यंदा ऐन मे महिन्यात डॉक्टरांनी त्यांना मोतीबिंदूची तारीख दिली. आपली वही त्यांनी माझ्याकडे सोपवली. मी चाळली. बँकेच्या सवयीनं आखलेले रकाने: तारीख, वेळ, जागा, काय दिसलं. शेवटच्या रकान्यात ओळीनं ‘नाही’, ‘नाही’, ‘नाही’. एका रस्त्याच्या कडेची रुई आणि तरवड जेसीबीनं साफ केल्यापासून तिथलं पानच्या पान ‘नाही’. आणि तरी माणूस दर उन्हाळ्यात ठरल्या वेळी तिथं जाऊन उभा राहिलेला. मला जे हुकलं म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं ऐकवलं, त्यातलं बहुतेक त्यांनीही पाहिलेलं नव्हतं.

‘दिसतच नाही, तर लिहायचं कशाला?’

‘येणं-देणं दोन्ही लिवावं लागतंय. कधीपासून नाही, हे उद्या कुणी इचारलं तर?’

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांनी सांगितलेल्या हापशावर गेलो. सांडपाण्याच्या कडेला नारिंगी पंख उघडमीट करत होते. घरी येऊन फोन केला.

‘मागच्या पंखावर ठिपके किती?’

‘एक.’

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग डोळ्यावरची पट्टी, डॉक्टरांची ताकीद सगळं विसरून आवाज चढला, ‘मादी हाय ती! उद्या सातलाच जावा. आसपास घोळ हाय का बघा. आन् सापडली तर पिशवीत घालून घरी नेऊ नका, वहिनीला सांगतो मी.’