‘नको’ची मोट

जून २००८. आयर्लंडच्या मतदाराला विचारलं गेलं, युरोपीय संघाचा लिस्बन करार हवा की नको? ५३.४ टक्के लोकांनी ‘नको’ म्हटलं आणि ब्रुसेल्सची झोप उडाली.

सत्तावीस देश, जवळपास पन्नास कोटी माणसं. थेट मत मागितलं ते एकट्या आयर्लंडमध्ये, कारण तिथल्या राज्यघटनेने सरकारला दुसरी वाट ठेवली नव्हती. बाकीच्यांनी का विचारलं नाही? २००५ मध्ये विचारून हात पोळले होते. फ्रान्स आणि नेदरलँड्सने युरोपची राज्यघटना धुडकावली, मग त्यातला बराचसा ऐवज नव्या करारात भरला गेला.

आणि करार तरी कसा? अमुक कलमातला अमुक शब्द गाळा, ‘समुदाय’ असेल तिथे ‘संघ’ घाला. पानोपानी हेच. जुने करार शेजारी उघडून ठेवल्याशिवाय एका ओळीचा अर्थ लागत नाही. आयर्लंडचे तेव्हाचे पंतप्रधान ब्रायन कावेन यांनी कबूल केलं की आपण तो अथपासून इतिपर्यंत वाचलेला नाही. आयर्लंडचे युरोपीय आयुक्त चार्ली मॅक्रीव्ही यांचीही तीच कबुली.

मग मतदाराने फुली कशावर मारायची?

हे मोठ्याने विचारलं डेक्लन गॅन्ली यांनी. गॉल्वे परगण्यात राहणारे, दूरसंचार व्यवसायातले उद्योजक. त्यांची संघटना ‘लिबर्टास’. पंचवीस पानांत, कोणालाही वाचता येईल असा करार लिहा, ही त्यांची मागणी. मागणी रास्त होती. आजही आहे.

पण जून २००८ चा ‘नको’ एकट्या लिबर्टासचा नव्हता. कोणाला १२.५ टक्क्यांच्या कंपनी कराची काळजी, कोणाला देशाच्या तटस्थतेची, कोणाला गर्भपाताच्या कायद्याची. डावा शिन फेन पक्षही ‘नको’ म्हणत होता, तो भलत्याच कारणांसाठी. एका ‘नको’च्या पोटात दहा ‘नको’ होते. गॅन्लींनी सगळे आपल्या खात्यावर मांडले, आणि हिशेब इथेच चुकला.

कारण पुढची उडी होती साऱ्या युरोपावर. २००९ च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत एकच नाव, एकच झेंडा, देशोदेशी उमेदवार. कल्पना दमदार होती. युरोपची निवडणूक सत्तावीस स्वतंत्र निवडणुकांसारखी का लढवायची, हा सवाल आजवर कोणाला नीट सोडवता आलेला नाही.

झेंड्याखाली आलं कोण? फ्रान्समध्ये फिलिप द विलिए यांचे कडवे राष्ट्रवादी, त्यांच्या जोडीला शिकारी आणि मच्छीमारांचा पक्ष. पोलंडमध्ये कट्टर कॅथलिक उजवे. स्पेनमध्ये कॅटलान राष्ट्रवादाला विरोध करत उभा राहिलेला सिउदादानोस. आणि नेता सांगतोय, आम्ही युरोपवादीच आहोत! आवळ्याची मोट ती हीच. मतदाराने युरोप नेमका किती मागायचा, हे या मंडळींचं आपसातच ठरलं नव्हतं.

युरोपीय पक्ष म्हणून मान्यता आणि अनुदान हवं तर तेव्हा किमान सात देशांतले लोकप्रतिनिधी पाठीशी लागत. फेब्रुवारी २००९ मध्ये मान्यता मिळाली. लगेच एस्टोनिया आणि बल्गेरियातल्या दोघांनी सांगितलं, आम्हाला यात धरू नका. मान्यता लटकली. पारदर्शकता मागणाऱ्या पक्षाची स्वतःची यादीच टिकली नाही. याहून मोठा घाव विरोधकांनाही घालता आला नसता.

पक्षाच्या रोममधल्या मेळाव्यात पोलंडचे माजी अध्यक्ष लेक वाविन्सा भाषण करून गेले. पक्षात आले नाहीत.

निकाल? ७३६ पैकी एक जागा. तीही द विलिए यांची, जे आधीपासूनच स्वतःच्या पक्षातर्फे त्या संसदेत होते. ब्रिटनमध्ये अर्धा टक्काही मतं नाहीत. गॅन्ली स्वतः आयर्लंडच्या वायव्य मतदारसंघात उभे राहिले. पहिल्या पसंतीची सदुसष्ट हजारांवर मतं मिळाली, पण तिथल्या तीन जागांपैकी एकही हाती लागली नाही. माणूस कमी पडला नव्हता, मोट फुटली होती.

मधल्या काळात बँका कोसळल्या होत्या. सप्टेंबर २००८ मध्ये आयरिश सरकारला आपल्या बँकांची हमी घ्यावी लागली. घराचा हप्ता थकलेला माणूस ब्रुसेल्सशी भांडण उकरून काढेल?

डावा कौल आला म्हणून पुन्हा कौल लावला गेला. आयर्लंडचं आयुक्तपद शाबूत राहील, कर, तटस्थता आणि गर्भपात यांना हात लागणार नाही, अशा हम्या मिळाल्या. गॅन्ली पराभवानंतर बाजूला झाले होते, सप्टेंबरमध्ये परतले. तोवर वारं फिरलं होतं. २ ऑक्टोबर २००९ रोजी ६७.१ टक्के ‘हो’.

हम्या खऱ्या होत्या, त्या पहिल्या ‘नको’नेच मिळवून दिल्या. पण लिबर्टास हरला म्हणजे त्याचा प्रश्नही हरला, असं ब्रुसेल्सने धरलं, आणि ते धादांत चूक होतं. १ डिसेंबर २००९ रोजी करार लागू झाला. आयरिश मतदारापुढे दोनदा ठेवलेल्या त्या मजकुरात मधल्या सोळा महिन्यांत एक शब्दही बदललेला नव्हता.