मानधन यास, चारकोपहून

मानधन,

पत्राची सुरुवात सप्रेम नमस्काराने करायची रीत आहे. ती मी आज मोडते आहे, कारण तुझ्याविषयी माझ्या मनात प्रेम नाही आणि नसलेलं लिहायची मला सवय नाही.

मी मुंबईत चारकोपला सेक्टरमधल्या बैठ्या घरात राहते. ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेच्या पैशातून म्हाडाने इथे खाडीलगत छोटे छोटे भूखंड आखले, रस्ता, नळ, गटार दिलं आणि घर ज्याचं त्याने बांधावं म्हणून सांगितलं. 1988 साली त्याच बँकेच्या कर्जातून मुंबईत लोकसंख्या प्रकल्प आला. पालिकेची हेल्थ पोस्टं उभी राहिली आणि गल्लोगल्ली फिरणाऱ्या आरोग्य सेविका दिसू लागल्या. त्या पैशातून आम्हाला पायाखाली जमीन मिळाली. त्या बायकांच्या वाट्याला मात्र तू आलंस.

माझ्या दोन्ही मुलांना पोलिओचे थेंब त्यांनीच पाजले. रविवारी बूथवर आणि राहिलेल्यांसाठी पुढचे दिवस दारोदार. करंगळीला शाई लावायची, दारावर खडूने खूण करायची, आणि दार बंद असलं की संध्याकाळी पुन्हा यायचं. 13 जानेवारी 2011 नंतर या देशात नैसर्गिक (वन्य) पोलिओ विषाणूचा रुग्ण सापडला नाही. त्यामागे लस होती, आणि ती लस घेऊन तिसऱ्यांदा जिना चढणारी बाईही होती. सरकारी कागदात तिचं नाव स्वयंसेविका. म्हणजे ती स्वतःहून आली, आपल्या मर्जीने आली. असं एकदा लिहून ठेवलं की तिच्या हातावर काय ठेवायचं हे ठरवायला तू मोकळं!

आमच्या चारकोपमध्ये निदान दारं एकमेकांना लागून आहेत. माझी धाकटी जाऊ सिंधुदुर्गात आशा, म्हणजे सरकारी योजनेतली गावातली आरोग्य कार्यकर्ती आहे. तिच्या वाडीपासून पलीकडच्या वाडीपर्यंत मध्ये एक व्हाळ आणि एक चढ. कोणी बाळंत झाली की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तिने जायचं. झोळीच्या काट्यावर बाळाचं वजन घ्यायचं, ताप मोजायचा, श्वास मोजायचे, नाळ बघायची, आईला अंगावर पाजायला शिकवायचं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या अशा सहा भेटींचे मिळून 250 रुपये धरले आहेत. एका भेटीला बेचाळीस रुपयेही पडत नाहीत. पावसाळ्यात रिक्षा करावी लागली तर ते रिक्षातच जातात.

हे काम हलकं आहे, कोणीही करील, असं ज्यांना वाटतं त्यांनी गडचिरोलीकडे बघावं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने तिथल्या 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाचा जंतुदोष आणि न्यूमोनिया ओळखायला, त्यावर घरीच उपचार करायला शिकवलं. त्या गावांतले नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचं 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 पासून हेच दाखवलं होतं. माझी जाऊ ज्या तारखांना त्या चढावरून जाते, त्या घरभेटींची मुळं गडचिरोलीत आहेत. बाळ निपचित पडलं आहे की नुसतं झोपलं आहे, हे ओळखणं कसबाचं काम आहे. कसबाला बाजारात मजुरी असते. इथे ती मागायची वेळ आली की तू पुढे येऊन उभं राहतंस.

तुझी चाल जुनी आहे. 2 ऑक्टोबर 1977 रोजी केंद्र सरकारने गावोगाव आरोग्य कार्यकर्ते नेमायची योजना सुरू केली. महिन्याला 50 रुपये, आणि तेव्हाही नाव तुझंच. इंग्रजीत त्यांना ‘कम्युनिटी हेल्थ वर्कर’ म्हणत. पुढच्या चार वर्षांत त्यातला ‘वर्कर’ गेला, ‘व्हॉलंटियर’ आला, आणि मग त्याचाही ‘गाइड’ झाला. वर्कर म्हटलं की वेतन आलं, कायदा आला, आणि ते तुला सोसणार नव्हतं. 50 रुपयांवर ती योजना कुथत राहिली आणि शेवटी विझली. 2005 मध्ये ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर आशा आली, साधारण हजार लोकवस्तीला एक. तिच्यासाठी तू आणखी बारीक रूप घेतलंस, ‘कामावर आधारित मोबदला’. बाळंतीण दवाखान्यात नेली तर इतके, क्षयरोग्याच्या गोळ्या पुऱ्या झाल्या तर इतके. नेहमीच्या ठरावीक कामांसाठी केंद्राने धरलेले महिना हजार रुपये ऑक्टोबर 2018 मध्ये दोन हजार झाले.

जावेने एकदा गावाकडच्या एका बँकेत घर शाकारायला कर्ज मागितलं. त्यांनी पगाराचा दाखला मागितला. तिने आपली आशा डायरी पुढे ठेवली. बारा वर्षांच्या नोंदी, कुठल्या घरात कोण कधी जन्मलं, कोणाला कोणती लस दिली. साहेबांनी ती चाळली, छान अक्षर आहे म्हणाले आणि परत दिली. ती बाहेर पायरीवर बसून मला फोन करत होती. त्या दिवसापासून हे पत्र माझ्या मनात आहे.

तुझ्या विरोधात साक्षीही झाल्या आहेत. 2013 च्या भारतीय श्रम परिषदेने शिफारस केली की योजनांवर राबणाऱ्या या बायकांना कामगार माना, किमान वेतन द्या, निवृत्तिवेतन द्या. 25 एप्रिल 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या अंगणवाडी सेविकांच्या खटल्यात सांगितलं की त्यांना मिळतं ते वेतनच आहे आणि त्यांना ग्रॅच्युइटी द्यावी लागेल. तुझा मुखवटा तिथे उतरला होता. आशांपर्यंत तो निकाल चालत आला नाही. पुढे महिनाही पुरा झाला नव्हता, 22 मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाख आशांचा गौरव केला. माझ्या जावेने त्या बातमीचं कात्रण देवाच्या फोटोमागे खोचून ठेवलं आहे. तिला त्याचा खरा आनंद झाला होता आणि तो मी हिरावून घेणार नाही. पण नावातल्या ‘माना’वर तू बाकीच्या ‘धना’ची फेड करतंस असं दाखवतंस, ते तिने कधीच मान्य केलेलं नाही.

ऑक्टोबर 2023 मध्ये राज्यातल्या आशा आणि त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गट प्रवर्तक संपावर गेल्या. आशांना 7,000 रुपये वाढ जाहीर झाली, संप मागे घेतला. शासन निर्णय काही निघेना. जानेवारी 2024 मध्ये त्या पुन्हा संपावर, आणि फेब्रुवारीत मुंबईच्या आझाद मैदानावर. माझी जाऊ दोन रात्री माझ्याकडे चारकोपला राहिली. पहाटे कांदिवलीहून लोकल पकडायची, रात्री उशिरा पाय सुजवून परतायची. तिच्याबरोबर विदर्भातल्या, मराठवाड्यातल्या बायका मैदानावरच झोपत होत्या. मार्चमध्ये निर्णय निघाला तेव्हा 7,000 चे 5,000 झाले होते. पगार जाहीर करून असा दोन हजारांनी खाली आणता आला असता का? तुला आणता येतं, कारण तू कोणाचं देणं लागत नाहीस. देशील ते उपकार.

तुझी बाजू घेणारे एक नेहमी सांगतात, पगार दिला की सेवाभाव जातो. उपकेंद्रातल्या नर्सताईंना पगार आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना आहे. त्यांचा सेवाभाव गेला असं कोणी म्हणत नाही, म्हणूही नये. मग सर्वांत खालच्या पायरीवरच्या बाईचाच सेवाभाव पैशाने विटाळतो, हे कुठून आलं?

तेव्हा तू आता ऊठ. त्या जागेवर वेतन बसू दे, ठरलेल्या तारखेला येणारं. भविष्यनिर्वाह निधी येऊ दे. दुसऱ्यांची बाळंतपणं निभावणाऱ्या बाईला स्वतःच्या बाळंतपणात भरपगारी रजा मिळू दे. जावेच्या हातात बँकेला चालेल असा एक कागद पडू दे. व्याख्यानाला आलेल्या पाहुण्यांच्या पाकिटात तू खुशाल राहा, तिथे तुझ्याशी माझं भांडण नाही.

हे पत्र तिला फोनवर वाचून दाखवणार होते. दोन ओळी ऐकल्या आणि म्हणाली, “वयनी, आज सातव्या दिसाची भेट आसा, मागीर बोलतंय.” आणि फोन ठेवला.

कळावे.

चारकोपच्या एका बैठ्या घरातून,
एका आशेची थोरली जाऊ